वाघचौरे चिटणिसांची दुरुस्ती

सुहास वाघचौऱ्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या: लिहिलेल्या आणि न घडलेल्या.

लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस. तिथला नियम साधा होता. पावती असली तर पेटी आहे, पावती नसली तर समोर दिसणारी पेटीसुद्धा नाही. एकदा एका बाईचं आंब्याचं खोकं तीन दिवस त्यांच्या नाकासमोर सडत पडलं होतं. अख्ख्या ऑफिसात वास, बाई रोज येऊन हात जोडायची, पण तिची पावती हरवलेली. वाघचौऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. खोकं काही दिलं नाही. चौथ्या दिवशी माश्यांनी ते बिनपावतीचंच ताब्यात घेतलं. ही हकिकत ते अजून अभिमानानं सांगतात, आणि ऐकणाऱ्याचं तोंड का वाकडं होतं ते त्यांना अजून कळलेलं नाही.

असला हिरा चर्चच्या पंचकमिटीनं सोडला असता तरच नवल. लोणावळ्यातल्या त्या लहानशा मराठी चर्चचे ते एकतीस वर्षं चिटणीस. पाळक आले नि गेले, छप्पर दोनदा बदललं, इतिवृत्ताची वही मात्र वाघचौऱ्यांच्याच बगलेत. काळी शाई, ठसठशीत अक्षर, समासाला लाल रेघ. कोण किती वाजता आला, प्रार्थनेत कोण घोरला, पेटीचा भाता कुणाच्या नातवानं फाडला, सगळं तारीखवार. आणि माणूस निःपक्षपाती किती, तर सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी त्याच वहीत स्वतःच्या बायकोविरुद्धचा ठराव लिहिला आणि खाली झोकात सही केली. अशा माणसाला लोक वचकून असतात. जेवायला बोलवत नाहीत, एवढंच.

गेल्या वर्षी नवे पाळकसाहेब आले. वय बत्तीस, पदव्या दोन, पुस्तकांच्या पेट्या सहा. उत्साह भलताच. तसा तो पहिल्या वर्षी सगळ्याच पाळकांना असतो. दुसऱ्या पावसाळ्यात वेदीवर छप्पर गळायला लागलं की उतरतो. साहेबांनी ठरवलं, मंडळीतली एकूण एक सभा आपण जातीनं पाहायची. असं करत करत एका गुरुवारी ते भाजे गावात शालनमावशींच्या पडवीत पोचले आणि परत आले ते चेहरा पाडूनच.

तिथं काय चालायचं ते आधी सांगायला हवं. शालनमावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, त्याला जाऊनही तीस वर्षं झाली. मावशींना अक्षरओळख नाही. भाज्याजवळचं मळवली स्टेशन आलं हे त्यांना पाटीवरून नाही, समोरच्या डोंगरावरून कळतं. पण दर गुरुवारी दुपारी त्यांच्या पडवीत एकोणीस-वीस बाया जमायच्या आणि मावशी त्यांना येशूच्या गोष्टी सांगायच्या. बरोबर चव्वेचाळीस गोष्टी, एक कमी नाही, एक जास्त नाही.

या गोष्टी त्यांना सासूकडून आल्या. सासू बयाबाई, तीही निरक्षर. तिच्या काळी मिशनची एक बाई घरोघर फिरून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची. एके वर्षी ती यायची बंद झाली. पुस्तक तिच्याबरोबर गेलं. बयाबाईच्या लक्षात आलं की आता काय असेल ते आपल्या डोक्यात, आणि डोक्याचा काय भरवसा. मग तिनं गोष्टी वाटून टाकल्या. नवी बाई आली की तिच्या ओटीत मूठभर तांदूळ घालायचे आणि एक गोष्ट घालायची. "ही तुजी. हरवायची न्हाई." त्या दिवसापासून ती गोष्ट त्या बाईची. सांगणारी कुणीही असो, जिची गोष्ट ती शेजारी बसणार, आणि एक शब्द जरी इकडचा तिकडं झाला तरी सांगणारीच्या गुडघ्यावर हात ठेवणार. हात पडला की मागं जायचं आणि नीट सांगायचं. विधवेची ओटी भरत नाहीत वगैरे भानगड तिथं नव्हती. बाई वारली की तिची गोष्ट दुसरीच्या ओटीत.

पाळकसाहेबांना यातलं काय दिसलं? सभेत पवित्र शास्त्राची एकही प्रत नाही. कोपऱ्यात शेजारची विठाबाई, जी चर्चमध्येच नव्हे तर ख्रिस्ती धर्मातच नाही, ती शेंगा सोलत ऐकतेय. आणि तांदळानं ओट्या भरल्या जातायत.

"ही उपासना आहे की हळदीकुंकू?" ते कमिटीत म्हणाले.

कमिटीनं तातडीनं वाघचौऱ्यांची एकसदस्य समिती नेमली. शालनबाईंच्या सगळ्या गोष्टी लिहून घ्यायच्या आणि शास्त्राशी ताडून पाहायच्या. शास्त्रात असेल ते राहील. नसेल ती गोष्ट, आणि गोष्टीतली नसेल ती ओळ, पुन्हा तोंडातून काढायची नाही. मावशींनी ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर गुरुवारची सभा बंद, आणि त्या जागी छापील प्रश्नांचा अभ्यासवर्ग. प्रवेश वाचता येणाऱ्यांनाच. एकोणीस बायांत वाचता येणाऱ्या होत्या सहा. मुदत एक महिना. वाघचौऱ्यांना इतका आनंद स्वतःच्या निवृत्तीच्या सत्काराला झाला नव्हता.

नोव्हेंबरातला पहिला गुरुवार. भातं कापून झालेली, खळ्यांवर झोडपणी चाललेली. वाघचौरे लोकलनं मळवलीला उतरले, नवी कोरी वही बगलेत मारून भाज्यात पोचले.

"या भाऊ," शालनमावशी म्हणाल्या. "लिवायला आलाय म्हनं."

"तपासायला," वाघचौरे म्हणाले.

"तपासा की. चा घ्या आदी."

त्या दिवशी नऊ गोष्टी झाल्या. वाघचौरे एका हातानं लिहीत होते, दुसऱ्या हातानं शास्त्राची पानं उलटत होते आणि मनातून हिरमुसत होते, कारण चूकच सापडेना. एकदा मावशी म्हणाल्या, "दोन मासं न पाच भाकरी," तर लगेच राजेश्वरीचा हात गुडघ्यावर. ही राजेश्वरी तिशीची, भुशीकडच्या एका हॉटेलात चादरी धुवायला जाते. "भाकरी आदी, मावशी." मावशी मुकाट मागं गेल्या, भाकरी आधी घेतल्या. वाघचौऱ्यांनी शास्त्र पाहिलं. भाकरीच आधी होत्या. एवढी कडक तपासणी पार्सल ऑफिसातसुद्धा नव्हती, हे त्यांना खटकलं.

निघताना मावशींनी विचारलं, "भाऊ, तुमच्या पुस्तकात काय घालायचं न काय न्हाई, ह्ये कुनी ठरवलं? तवा बी आसाच कुनी वही घिऊन आलता का?"

"ते पहिल्यापासून ठरलेलंच आहे."

"पयल्यापासून म्हंजी कवा? पेत्राच्या हातात व्हतं का पुस्तक?"

"पेत्राच्या हातात कसं असेल? पुस्तकात पेत्राचीच पत्रं आहेत."

"मंग पेत्र काय वाचून सांगायचा?"

कोपऱ्यातली विठाबाई शेंगा सोलायची थांबली. "येशूसंगं फिरनारा, मासं धरनारा ना त्यो? त्याला कुटलं वाचाय येतंय."

"बघून सांगतो," वाघचौरे म्हणाले. चौतीस वर्षं हेच उत्तर देऊन त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलं होतं. या वेळी मात्र खरंच बघायला लागणार होतं, कारण अहवालात परिशिष्ट जोडायची हौस त्यांचीच.

त्यांनी पाळकसाहेबांच्या सहा पेट्यांमधून जाडजूड इतिहास काढून घरी नेले. अपेक्षा साधी होती. कुठंतरी एक सभा भरली असेल. अध्यक्ष असेल, सूचक असेल, अनुमोदक असेल. नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची यादी मंजूर झाली असेल आणि खाली सह्या असतील. त्या ठरावाचा क्रमांक काढायचा आणि मावशींच्या पुढ्यात ठेवायचा.

क्रमांक काही सापडेना. सुरुवातीची वीसेक वर्षं तर कुणी काही लिहिल्याचंच दिसेना. सांगायचे. तोंडानं. पडव्यांतूनच सांगत असणार, दुसरं काय. मग पौल या प्रेषितानं पत्रं लिहिली ती मंडळ्यांमधली भांडणं मिटवायला, आणि त्यातलं लावदिकिया गावचं पत्र तर वाटेत कुठं गहाळ झालं त्याचा आजतागायत पत्ता नाही. खात्याचा माणूस म्हणून वाघचौऱ्यांना याचं फार वाईट वाटलं. मग येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं आली. मग या गावच्या मंडळीत हे पुस्तक, त्या गावच्या मंडळीत ते. कुणी इब्री लोकांना लिहिलेलं पत्र मानेना, कारण खाली लिहिणाऱ्याचं नावच नाही. कुणी प्रकटीकरणाला हात लावेना. कुणी अशी पुस्तकं भक्तिभावानं वाचत होतं ज्यांची नावंही आज लोणावळ्यात कुणी ऐकलेली नाहीत. येशूला जाऊन सव्वातीनशे वर्षं उलटून गेल्यावर मिसर देशातल्या एका बिशपनं ईस्टरच्या पत्रात जी यादी दिली, ती आपल्या यादीशी पहिल्यांदा तंतोतंत जुळते. आणि तीही सगळ्यांनी लगेच मान डोलावून घेतली असं नाहीच. इथिओपियातले ख्रिस्ती लोक तर आजही आपल्यापेक्षा जाड पुस्तक वाचतात, आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही.

म्हणजे सव्वातीनशे वर्षं लोक बाप्तिस्मा घेत होते, तुरुंगात जात होते, सिंहांच्या तोंडी जात होते, आणि कुणाकडं मंजूर यादी नव्हती. वाघचौऱ्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

ते पाळकसाहेबांकडं गेले. "साहेब, ठराव क्रमांक मिळत नाही."

साहेब हसले. "वाघचौरेसाहेब, मंडळीनं ती पुस्तकं ठरवली नाहीत, ओळखली."

"कशावरून ओळखली?"

"जुनी आहेत का, प्रेषितांपर्यंत पोचतात का, सगळीकडं वाचली जातात का. आणि मंडळी आधीपासून जे मानत, सांगत आली त्याला धरून आहेत का."

"म्हणजे सांगणं आधी, पुस्तक मागाहून."

"एका अर्थी हो. पण आता पुस्तक आहे ना हातात," साहेब म्हणाले. "आता तोंडी परंपरेची गरज काय?"

ज्या फांदीला पुस्तक लागलं ती फांदी आता तोडायची, असा याचा अर्थ होत होता. वाघचौऱ्यांनी तो वहीत लिहिला नाही. लिहिला असता तर घडला असता.

चौथ्या गुरुवारपर्यंत त्रेचाळीस गोष्टी लिहून झाल्या. सगळ्या शास्त्राला धरून. आता उरली होती एक.

"ही सांगत्ये," शालनमावशी म्हणाल्या, "पर हिच्या बाजूला कुनी बसत न्हाई." त्यांच्या डाव्या हाताला चटईवर एका माणसापुरती जागा मोकळी होती. एवढ्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या, पण तिथं कुणी सरकलं नव्हतं. चारही गुरुवार ती जागा वाघचौऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. नोंद मात्र केली नव्हती.

"का? कुणाची गोष्ट आहे?"

मावशींनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुमास्नी खरंच ठावं न्हाई व्हय? अनिताची."

अनिता म्हणजे वाघचौऱ्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"दुसरीच्या ओटीत घालाय गेले," मावशी म्हणाल्या, "पर कुनी घिना. म्हनत्यात, ती अनिताची हाय. ऐका."

आणि त्यांनी सांगायला घेतलं.

"येका बाईला धरून आनली. लोक म्हनले, हिनं चूक केलीया, कायद्यात लिवलंय, दगडानं मारायची. त्यो काय बोलंना. खाली वाकला न बोटानं धुळीत लिवाय लागला. लोकांनी लय तगादा लावला तवा उठला न म्हनला, ज्यानं कंदीच काय केलं नसंल त्यानं पयला दगड मारा. परत वाकला, परत लिवाय लागला. मंग म्हातारे आदी निगाले. त्यांच्या मागनं तरनी. शेवटाला ती न त्यो, दोगंच ऱ्हायली. त्यो म्हनला, बाई, कुनी न्हाई मारला? ती म्हनली, न्हाई. त्यो म्हनला, मी बी न्हाई मारत. जा, परत करू नगं. जाताना तिनं इचारलं, तुमी काय लिवलंत? मला वाचाय येत न्हाई. त्यानं हातानं पुसलं न म्हनला, वाचन्यासारकं काय नव्हतं."

वाघचौऱ्यांनी शेवटपर्यंत लिहिलं. मग सवयीनं म्हणाले, "ही शेवटची ओळ शास्त्रात नाही."

"नसंल. तुमच्या बायकूच्या गोष्टीत हाय."

"तिला ही गोष्ट कधी दिली?"

"गनपतीच्या साली. तुमी त्ये वहीत लिवलंत ना, त्याच्या फुडच्या गुरवारी."

गणपतीचं साल म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी विठाबाईच्या घरी गणपती बसलेला आणि सून बाळंतपणात अडलेली. घरात करणारं कुणी नाही. अनिता दोन दिवस जाऊन राहिली, स्वयंपाक केला, सुनेचं सगळं केलं. आरतीच्या वेळी कुणीतरी तिच्या हातात ताट दिलं, ती धरून उभी राहिली. ताट खाली आपटायला हवं होतं, पण तेवढी धर्मनिष्ठा तिच्यात नव्हती. कुणीतरी पाहिलं, कमिटीत तक्रार आली. दुसरा कुणी चिटणीस असता तर वही विसरला असता. वाघचौऱ्यांनी लिहिलं: "चिटणिसांच्या पत्नी सौ. अनिता यांनी मूर्तिपूजेत भाग घेतला व प्रसाद सेवन केला. सबब तीन महिने प्रभुभोजनास मनाई." म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस तीन महिने बंद. अनुमोदन पंच सोपानरावांचं. रविवारी भर मंडळीत वाचून दाखवलं. अनिता तिसऱ्या बाकावर बसली होती. पुढच्या महिन्यात मागील इतिवृत्त कायम करायचं म्हणून परत वाचलं. तेव्हाही ती तिसऱ्या बाकावर होती. घरी येऊन तिनं चहा केला.

इतिवृत्तात एक गोष्ट नव्हती. विठाबाईकडून येताना अनितानं डब्यातून चार मोदक आणले होते. एक तिनं खाल्ला. तीन वाघचौऱ्यांनी खाल्ले, वर तूप घालून, आणि विचारलं, "अजून आहेत का?" पण हे कुठं लिहिलेलं नव्हतं, तेव्हा घडलेलं नव्हतं. अनितानंही घरी कधी तोंड उघडलं नाही. फक्त दर गुरुवारी भाज्याला जायला लागली. वाघचौरे समजायचे, बायकांना गप्पा लागतात. महिन्याच्या शेवटी ते वहीत लिहायचे: स्त्री-सभा, उपस्थिती वीस. त्या विसांतली एक सतरा वर्षं त्या चटईवर बसून, गुडघ्यावर हात ठेवायच्या तयारीनं, हीच एक गोष्ट राखत होती.

"चार बांदून दिलते मी," विठाबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "तिला येकच मिळाला म्हनं."

"कसले चार?" असं एकाही बाईनं विचारलं नाही. एकोणीसच्या एकोणीस बायांना मोदकांचा हिशेब पहिल्यापासून ठाऊक होता, हे वाघचौऱ्यांना त्यावरून कळलं. वही मिटून ते उठले, आणि चपला उलट्या पायांत घालून मळवली स्टेशनपर्यंत गेले.

घरी येऊन त्यांनी शास्त्र उघडलं. योहानाचं शुभवर्तमान, आठवा अध्याय. गोष्ट होती. पण चक्क कंसात होती. खाली बारीक अक्षरांत टीप: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा मजकूर आढळत नाही. वाघचौऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पाळकसाहेबांचा जाड इतिहास पुन्हा काढला. त्यात तेच. ही गोष्ट कित्येक वर्षं नुसती तोंडातोंडी फिरत होती, असं तिथं म्हटलं होतं. मग कधीतरी, कुणीतरी, कुणाच्या परवानगीनं ते देव जाणे, ती पुस्तकात आणून ठेवली. बिनपावतीचं पार्सल. आणि कुणाच्या बापाची हिंमत झाली नाही ते परत पाठवायची.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. सबंध शास्त्रात येशूनं लिहिल्याचा उल्लेख एवढा एकच, तोही धुळीत, आणि काय लिहिलं ते कुणी उतरवून घेतलेलं नाही. तिथं चिटणीस नव्हता.

मग त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वीची वही काढली, पान उघडलं आणि तो ठराव सहीपर्यंत वाचला. त्यांना अनिताची फार आठवण आली.

रविवारी उपासनेनंतर सभा भरली. पहिल्या बाकांवर पंच, मागं मंडळी. शालनमावशी पहाटेची लोकल धरून आल्या होत्या आणि भिंतीशी बसल्या होत्या. वाघचौऱ्यांनी अहवाल वाचला. त्रेचाळीस गोष्टी शास्त्राप्रमाणे. चव्वेचाळिसावी शास्त्रात कंसात. तिची शेवटची ओळ कुठल्याच प्रतीत नाही.

"गोष्ट राहू द्या," पाळकसाहेब म्हणाले. "ओळ वगळावी. मावशींनी तेवढं मानलं की सभा चालू राहील."

"म्या न्हाई वगळायची," शालनमावशी भिंतीशी बसूनच म्हणाल्या. "माजी न्हाई ती."

"मग सभा बंद करावी लागेल," साहेब म्हणाले, आणि त्यांनाही ते बोलायला जड गेलं असावं. "चिटणीससाहेब, सूचना मांडा."

"त्याआधी इतिवृत्तात एक दुरुस्ती आहे," वाघचौरे म्हणाले.

त्यांनी जुनी वही उघडली आणि तो ठराव तिसऱ्यांदा मंडळीसमोर वाचला. या वेळी तिसऱ्या बाकावर कुणी नव्हतं. मग म्हणाले, "दुरुस्ती अशी. प्रसाद चार मोदकांचा होता. पैकी तीन चिटणिसांनी खाल्ले. घरी. तूप घालून. ते लिहायचं राहिलं."

मागं कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं.

"हा विषय पत्रिकेवर नाही," साहेब हळूच म्हणाले.

"नाही. सव्वीस वर्षं नव्हता." वाघचौऱ्यांनी वही मिटली. "साहेब, ती ओळ माझ्या बायकोनं सतरा वर्षं सांभाळली. मी तिच्याशी वाईट वागलो. ती ओळ काढायची सूचना मी मांडणार नाही. दुसऱ्या कुणाला मांडायची असेल तर मांडा."

सगळ्यांत आधी उठले ते सोपानराव. वय शहाऐंशी, त्या जुन्या ठरावाचे अनुमोदक. "माझी गोळी घ्यायची वेळ झाली," म्हणाले आणि काठी टेकत बाहेर पडले. त्यांच्या मागं दुसरे पंच, त्यांना घरी पाहुणे यायचे होते. मग तिसऱ्यांना गाडी आडवी लावल्याची आठवण झाली. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी काय काय लिहायचं राहिलं होतं ते ज्याचं त्याला माहीत. पाळकसाहेब सगळ्यांत तरुण, ते शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी समोरचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पुढच्या सभेत बघू." चर्चच्या भाषेत याचा अर्थ कधीच नाही असा होतो, आणि एवढं साहेब एका वर्षात शिकले होते.

गुरुवारी वाघचौरे भाज्याला गेले. पडवीच्या पायरीवर चपला काढल्या आणि उभेच राहिले.

"मावशी, ती गोष्ट मला द्याल का?"

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. पुरुषाची ओटी कुणी भरल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

"सांगून दावा आदी," शालनमावशी म्हणाल्या. "वही तितंच ऱ्हाऊ द्या."

वाघचौरे मांडी घालून बसले आणि सांगायला लागले. पाचवी ओळ येईतो हात बगलेत वही चाचपून आला. आयुष्यात पहिल्यांदा हातात कागद नव्हता. तरणी माणसं आधी निघाली म्हणाले, तर गुडघ्यावर हात पडला. हात विठाबाईचा होता. तिच्या ओटीत कुणी कधी गोष्ट घातली नव्हती, पण हरकत कुणी घेतली नाही. "म्हातारे आदी," ती म्हणाली. ते मागं गेले. पुढं म्हणाले, जा, परत पाप करू नको. परत हात. "पाप म्हनायचं न्हाई. नुसतं परत करू नगं." ते परत मागं गेले. शेवटच्या ओळीशी येऊन मात्र थांबले. कुणी हात ठेवला नाही. सगळ्या थांबल्या.

"त्यानं हातानं पुसलं," वाघचौरे म्हणाले, "आणि म्हणाला, वाचण्यासारखं काही नव्हतं."

शालनमावशी आत जाऊन नव्या इंद्रायणीची मूठ घेऊन आल्या. वाघचौऱ्यांनी इस्त्रीचा रुमाल मांडीवर पसरला. मावशींनी त्यात तांदूळ घातले. "ही तुमची. हरवायची न्हाई."

"मावशी," वाघचौरे रुमालाकडं बघत म्हणाले, "ते वहीतलं पान पुसायला गेलो मी. रबर लावलं, पाणी लावलं. कागद फाटला, शाई निघत नाही."

मावशींनी रुमालाची चार टोकं एकत्र घेऊन गाठ मारली.

"मंग धुळीत लिवायचं व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि चटईवरच्या त्या मोकळ्या जागेकडं हात केला. वाघचौरे सरकून तिथं बसले.